नाल्याअलीकडचा खड्डा

आबा, तुम्हाला उडवणाऱ्याचा काल सत्कार झाला. शाल, नारळ, झेंडूचा हार आणि वर त्याचं तासभर भाषण. म्हातारपणी आवाज मात्र खणखणीत राहिलाय. "निजामाच्या मोगलाईत मालाच्या लाऱ्या जाऊ नयेत म्हणून हद्दीच्या नाल्याअलीकडे आम्ही बॉम्ब पुरला," म्हणाला, "पण तो फुकट गेला. रस्त्यावरचा एक मजूर तेवढा मेला." तुम्ही मजूर नव्हतात, मुकादम होतात, एवढीही चौकशी या शूराने इतक्या वर्षांत केली नाही. लाऱ्या संध्याकाळी येतात आणि त्याआधी दिवसभर त्या रस्त्यावर आपली खड्डे बुजवणारी टोळी असते, हे त्याला कुठल्याही शेळ्या राखणाऱ्याने सांगितलं असतं. पण विचारायचं कशाला? अंधारात पुरायचं आणि घरी जाऊन पांघरूण घ्यायचं, एवढाच तो पराक्रम. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्वातंत्र्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी तुमची लेक, सतरा वर्षांची, तुमच्याच टोळीत मुरमाच्या पाट्या वाहायचे. आदल्या दिवशी माझा एक खड्डा नीट ठोकला गेला नाही म्हणून तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. घरी मी तुमच्याशी बोलले नाही, भाकरीसुद्धा तुमच्यापुढे सरकवली ती तोंड फिरवून. सकाळी आपण नाल्यापाशी येतो. तुम्ही नेहमीसारखे पुढे, नजर रस्त्यावर. परक्या कुणी उकरलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, पोलीसपाटलाला कळवायचं, असं ओव्हरसियर बजावून गेलेला असतो. पण तुम्हाला परकं काही दिसतच नाही, दिसतं ते वाईट काम. ताजा मुरूम, ना पाणी मारलेलं, ना ठोकलेलं.

"ह्यो कुनी बुजवला?" म्हणत तुम्ही माझ्याकडेच बघता. "काल येवढं बोललो, तरी त्येच."

मी तोंड फिरवते. तुम्ही जमीन चोपायचं ते जड धुम्मस उचलता. "जा, पानी आन. मी दावतो कसं ठोकायचं."

मी घागर घेऊन विहिरीकडे वळते. विहिरीपर्यंत पोचलेच नाही.

नंतर साहेब आले, हळहळले आणि दुसऱ्या दिवशी रस्ता चालू करायला आम्हालाच जुंपून गेले. त्यांनाही काय, रस्ता अडला होता एवढंच दुःख. तो खड्डा मीच बुजवला, थरावर थर, पाणी मारून, तुम्ही सांगायचात तसा.

खरं तर हे पत्र मी त्या सत्कारमूर्तीला लिहायला बसले होते. चार घरं सोडून राहतो, तिकीटही लागलं नसतं. चांगलं खरमरीत सुनवायचं होतं. पण त्याने मलाच उलट विचारलं असतं, "बाई, तुम्ही होतात ना तिथे, मग?" तुम्ही तसं विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. आता घडी घालून ट्रंकेत ठेवते.

माझा खड्डा मागे बाभळीपाशी होता, आबा. नाल्यापाशी मी एकही पाटी टाकली नव्हती. तेवढं बोलले असते तर तुम्ही थांबला असता. पण मी रागात होते. म्हटलं, ठोकू देत, दमू देत जरा.