चार चिठ्ठ्या, चार वाटा

चि. धम्मदीपले देवरावमामाचा मनापासून जय भीम.

तुझी कंबर कशी हाय? खुर्चीत बसून दुखते म्हने (मी जिंदगीभर सायकलवर मास्तरकी केली, मले कंबर हाय हेच माहीत नाई). इथी भामरागडले नदी परत पुलावरून वाहून राह्यली, टॉवर आठ दिवसांपासून मुका, बाकी सारे मजेत. रंजीता सोडून. पोरगी धड जेवत नाई, माह्याशी धड बोलत नाई. आन त्याचं मूळ तू हाय.

बुद्धपौर्णिमेले तूच आंगनात बसून सांगतलं, का इंटरनेट अख्खा निरोप कधी धाडतच नाई. त्याचे तुकडे करते, तुकड्यावर नंबर टाकते, जी वाट मोकळी त्या वाटेनं सोडते, तिकडे नंबर पाहून जोडते, एखादा हरवला तर परत मागवते. मले लय पटलं. निकेशच्या मायनं, आलापल्लीच्या केसरबाईनं, रंजीताच्या लग्नाचं विचारलं होतं. एकच चिठ्ठी देल्ली आन नदीत डोंगा उलटला तं? म्हनून मी उत्तराचे चार तुकडे केले, चार पाकिटांत घातले. पयलं दवाखान्याच्या बोटीनं, दुसरं जंगलाच्या वाटेनं जानाऱ्या गार्डाजवळ, तिसरं घाटावरच्या लालसू नावाड्याच्या डोंग्यात, चौथं पानी उतरल्यावर ट्रॅक्टरवर. (नंबर पाकिटावर टाकले, चिठ्ठीवर नाई. पाकीट लोक फाडून फेकतात, हे तू सांगाले पायजे होतं.)

चारही पोचले, पन तिसरं रिकामं. पयलीत खुशाली. दुसरीत, निकेश आमाले पसंत हाय. चौथीत, लग्नाचं नाव काढू नका. आन मधली, जीत 'फक्त पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपू द्या, तोवर' असं होतं, तीच गायब. हरवलेला तुकडा परत मागवाचा असते, हे केसरबाईले कोन सांगंल? तिनं गार्डाजवळ निरोप धाडला, "मास्तर, रिकामं पाकीट धाडून माह्या पोराची मजाक करता काय?"

मी तरातरा घाटावर गेलो आन लालसूले चार लोकांत नाई नाई ते बोललो. तीस वर्षांचा दोस्त. तो एवढंच म्हनला, "मी फोडलं नाई, मास्तर." तवापासून त्याची-माही बोलचाल बंद. रंजीता म्हनते, बाबा, टॉवर येईस्तोवर थांबले असते तर काय बिघडलं असतं? लय लागलं मले.

कंबरेची काळजी घे. गरम पान्यानं शेक.

तुझा मामा,
देवराव

ता. क. : तू आलापल्लीले जा आन केसरबाईले चारही चिठ्ठ्या, वर सांगतल्या त्याच नंबरानं, वाचून दाखव. माह्या हातचं पाकीट ते आता घेत नाई. तीन तिच्याजवळ हायेत, तिसरी यात घातली हाय.

ता. क. दुसरा : तिसरी कुठी सापडली ते तिले सांगू नको. माह्याच सदऱ्याच्या खिशात होती. पाकीट मीच रिकामं चिटकवलं.

ता. क. शेवटचा : हे पत्र अख्खं, एकाच पाकिटात, लालसूच्याच डोंग्यानं येऊन राह्यलं. माफी मागाले तोंड उघडत नाई, म्हनून पाकीट उघडंच ठेवनार होतो. त्याले वाचता येते, मीच शिकवलं. पन तो पाकिटात डोकावनार नाई, हे आता मले पक्कं माहीत हाय. तवा डोंग्यात बसून मीच त्याले वाचून दाखवनार हावो, मधलं काही न गाळता.