दुखण्याला सहा गुण

तीर्थरूप रुसकाताई,

डोक्याला पागोट्याएवढी पट्टी बांधली आहे, तेव्हा हा न वाकता केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींच्या मिरच्या भाजून बरण्यांत गेल्या असतील. मी बरा आहे असं लिहायची रीत असते, पण मी बरा नाही आणि भयंकर संतापलो आहे.

माझ्या दोन्ही कानांचे पडदे फाटलेत हे तुला ठाऊकच आहे. सोमवारी उजवा झाला. डॉक्टर स्तामोव्हांनी कानामागे बोटभर कापलं, कान पुढे दुमडला (वहीचं पान दुमडावं तसा) आणि आत नवा पडदा बसवला. शेजारच्या खाटेवरच्या मधमाश्या पाळणाऱ्या मिन्चोचं मात्र बारीक दुर्बिणीने, कानाच्या भोकातूनच उरकलं. वर टाका नाही की काप नाही. कोणाला जास्त दुखेल हे तिसरीतलं पोरही सांगेल.

कोणत्या रीतीने कमी दुखतं ते डॉक्टरांना बघायचं होतं. म्हणून नर्स पावलिना विचारायची, "मास्तर, दुखण्याला आकडा द्या." तिच्या कागदावर म्हणे दहापर्यंत आकडे होते. मी कागद पाहिलाच नाही. गुण द्यायला मला कोणी शिकवायचं? अडतीस वर्षं गणित शिकवलं. आपल्या शाळेत दोनला नापास आणि सहा म्हणजे पैकीच्या पैकी, त्यापुढे आकडाच नाही. उभ्या जन्मात चौघांना सहा दिले, पाचवं माझं दुखणं. (मोठ्या मनाने दिले, हेही लिहून ठेव.) तिने मान डोलावली आणि अर्धी गोळी दिली. तिकडे मिन्चो "नऊ" म्हणाला आणि इंजेक्शन घेऊन घोरायला लागला. वर मलाच शहाणपण शिकवतो, "मास्तर, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

काल डॉक्टर तो कागद घेऊन हसत आले. म्हणाले, "काप तुम्हाला छान सोसला की! मग मार्चमध्ये डावा कानही मागूनच करू. गुरुवारी टाके काढताना तारीख ठरवून टाकू." मला खुलासा करता आला असता. पण वहीत चढलेला गुण मी कधी बदललेला नाही, मुख्याध्यापक पुतण्यासाठी गयावया करत आले तेव्हाही नाही.

तुझा धाकटा,
झाहारी

ता. क. तेव्हा गुरुवारी तू ये आणि डॉक्टरांना ठणकावून दहा सांग. तू सांगितलंस म्हणजे गुण मी बदलला असं होणार नाही.

आणखी एक. खरं म्हणजे दुखणं साडेपाचचंच होतं, वरचा अर्धा भीतीचा. गुरुवारी नाही जमलं तरी चालेल, ताई. कापोत नाहीतर दुर्बीण घालोत, पण मार्चमध्ये त्या टेबलापर्यंत एकट्याने जायचा मला धीर होत नाही. तेव्हा मात्र ये.