तोंड बघू म्हणणारा डॉक्टर

माय, काल शिरपुरातल्या त्या नव्या डॉक्टरने मला आ करायला सांगितलं आणि मला त्याचा संशयच आला. नातीचा खोकला दाखवायला गेले होते मी. छाती तपासली, ते ठीक. पण मग टॉर्च घेऊन पोरीचे दात कशाला बघायचे? दूध पिऊन तशीच झोपते का, बिस्किटं किती खाते, याला काय करायचंय? वर माझ्याकडे वळून म्हणतो, "आजी, तुमची शुगर खाली येत नाहीये. हिरड्या खराब असल्या तरी असं होतं. जरा तोंड बघू." गरज पडली तर धुळ्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवतो म्हणे. म्हटलं, झालं! या दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार.

असा डॉक्टर मी पाहिलाच नव्हता ना. तुझा दोंडाईच्याचा डॉक्टर आठव. वर्षानुवर्षं गेलो आपण त्याच्याकडे. बीपी बघायचा, शुगर बघायचा, सुई टोचायचा, पण तोंडात कधी डोकावला नाही मेला. एकदाच विचारलं, "तंबाखू खाता का?" तू पदर सावरत म्हणालीस, "नही साहेब, मी नही खात." शेजारी बसून मीही मान डोलावली. खोटं कुठे होतं त्यात? तंबाखू बाप्ये खातात. आपण बायका ती तव्यावर जाळून, कुटून दात घासतो. मिशरी म्हणजे मंजनच की! माझी दुधाची दाढ ठणकत होती तो दिवस अजून दिसतो मला. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्याचा धूर घरभर, मी भोकाड पसरलंय. "रडू नको, लाव हाई," म्हणत तू काळं बोट माझ्या हिरडीवर फिरवतेस. डोकं गरगरतं आणि दाढ गप्प होते. किती बरं वाटलं होतं गं! तेव्हापासून माझी मिशरी सुटलेली नाही.

मग शेवटच्या वर्षी तू कळण्याची भाकरी वरणात भिजवून एकाच बाजूने चावायला लागलीस. विचारलं की, "काय नही, दाढ हालस." गालात काय वाढलं होतं ते धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, तोवर फार उशीर झाला होता. दोंडाईच्याच्या डॉक्टरला मी आजवर शिव्या देत आले. पण खरं सांगू? संशय मला तुझाही येतो. तुझी जीभ तिथे रोज लागत असेल. तुला कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस? राग येतो मला तुझा, अजून येतो.

काल नातीने पडजीभ दिसेल एवढा आ केला. मी मात्र ओठ मिटून उठले, "माझं राहू द्या, घाई आहे." घाई कसली? घरी येऊन ओट्याला टेकून नुसती उभी राहिले. डॉक्टर पोरगा भला असेल गं. त्याच्यावर संशय घेतला की मला जायला नको, एवढंच. माझ्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा आलाय, शेवभाजीचा रस्सा लागला की झोंबतो. मुलाला सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. पहिल्यांदा सांगतेय ते तुला, आणि तू काही मला हाताला धरून दवाखान्यात नेणार नाहीस.