दोनशे लिटरची कढई

५ मार्च १९७२, रविवार
नवी वही. नियम एकच: भावना लिहायच्या नाहीत, निरीक्षणं लिहायची.
सकाळी सप्त्याचे पुढारी पुंजाराम आले होते. नानांना म्हणाले, "भिमाजी, गेल्या साली आमटी पार अळनी झाली. मनकर्णावहिनीला जाऊन दोनच म्हैने झालते, म्हनून कोनी तोंड उघडलं न्हाई. आवंदा नीट कर. न्हाईतर नारळ छगनला द्यावा लागंल."
नाना "व्हय" म्हणाले. नंतर बराच वेळ स्वतःच्या वहाणांकडे बघत बसले.
पुढे संदर्भाला लागेल म्हणून नोंद: काल्याच्या दिवशी भाकरी ज्याच्या त्याच्या घरची, पण आमटी सगळ्या गावाची एक. देवळामागच्या पटांगणात, एकाच कढईत. पंगत उठली की पुढच्या वर्षाचा नारळ सर्वांसमक्ष देतात. ज्याच्या हातात नारळ, त्याची कढई. बावीस वर्षं तो नानांच्या हातात आहे. आई गेल्यापासून त्यांच्याकडे दुसरं काही नाही.
नैवेद्याआधी आमटी चाखायची नसते. नाना फक्त वास घेतात आणि "झालं" म्हणतात. मीठसुद्धा म्हणे वासावरच. हे शास्त्रात बसत नाही, मिठाला वास नसतो. तरी एकवीस वर्षं बरोबर आणि एकदाच चूक. याचा विचार नंतर करू.
आई फक्त जाळ घालायची. ते काम आता शेजारच्या बनुबाई करतात. तेवढ्याने आमटी बिघडायचं कारण नाही.
ठराव: कढई जाणार नाही. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज उसाच्या रसाचं आणि बॉयलरच्या पाण्याचं रिडिंग घेते. आमटी हे एक द्रावण आहे.

१२ मार्च, रविवार
प्रयोग. तीन वाट्या आमटी. पहिलीत मीठ फार कमी, दुसरीत बरोबर, तिसरीत जास्त. कोणती कोणती ते नानांना सांगितलं नाही. त्यांनी तिन्ही संपवल्या. तिन्हींना म्हणाले, "चांगली झालीय, बाय."
निष्कर्ष: नानांची चव गेली आहे. गेल्या वर्षीचं कारण सापडलं. वाईट वाटलं नाही. कारण सापडलं की निम्मं काम होतं.
उपाय: मीठ मी घालणार, मोजून. नानांना कळता कामा नये.

१५ मार्च, बुधवार
आमटी गाळून, पातळ करून लॅबमध्ये तपासली. बॉयलरच्या पाण्यातला क्षार ज्या रसायनाने बघतो तेच. साहेबांनी विचारलं काय आहे, सॅम्पल म्हटलं. खोटं नाही.
घरी सर्वांत बरी लागलेली आमटी: मीठ शंभराला ०.९.
परीक्षानळीने आमटी उष्टी होत नाही, असं माझं मत आहे. पुंजारामांना विचारणार नाही.

१९ मार्च, रविवार
टेप घेऊन कढई मोजली. नंतर चौदा हंडे पाणी ओतून खात्री केली. पाणी मारुतीच्या पिंपळाला घातलं, विहिरी तळाला आहेत. काठाखाली चार बोटं सोडून दोनशे लिटर. म्हणजे मीठ एक किलो आठशे ग्रॅम.
छगन पारावर बसला होता. "छबूताई, कढईला झंपर शिवायचाय का?" सगळे हसले. मी आकडा लिहून टेप गुंडाळली.

२६ मार्च, रविवार
सप्ता बसला.
नाना अंगणात येसुराचं भाजत होते. बाजरी, हरभराडाळ, धने. मध्येच विचारलं, "बाय, तुझी आई मीठ कशात ठिवायची?" बावीस वर्षं ज्या घरात आमटीचा मसाला होतो, त्या घरातल्या माणसाने हे विचारावं. बरणी दाखवली.
चवीबरोबर स्मरणशक्तीही. नोंद केली.
आईची आठवण निघाल्यावर ते उठून गोठ्यात गेले. मी येसूर हलवत राहिले. धुराने डोळ्यांत पाणी येतं, त्याला काही इलाज नाही.

१ एप्रिल, शनिवार
मीठ लॅबच्या तराजूवर तोललं. जेवणाच्या डब्यात बरोबर बसलं.
फळीवर आईचा पितळी शेर जागेवर नाही. बनुबाईंनी नेला असणार.
सर्व तयारी पूर्ण. चूक होण्याची शक्यता नाही.

२ एप्रिल, रविवार. काला
पहाटे ५.१०. मी पोचले तेव्हा नाना माझ्याआधी तिथे. पाणी ओतून झालेलं, जाळ लागलेला.
८.४०. नाना नैवेद्याचं ताट घासायला गेले. डबा उलटा केला. कोणी पाहिलं नाही.
८.५५. बनुबाई लाकडं सारायला आल्या. खूप वेळ वाकून होत्या. म्हटलं, पदर सांभाळा, पेटेल. केवढ्या दचकल्या.
९.३०. नानांनी वास घेतला. "झालं." आवाज खणखणीत. मला समाधान वाटलं. हे निरीक्षणात धरायला हरकत नाही.
१२.१५. नैवेद्य झाला. पंगत बसली, चारशेच्या आसपास.
पहिल्या घासाला सगळं पटांगण गप्प झालं. मला वाटलं, चव लागली.
मग एका म्हातारीने पाणी मागितलं. मग सगळ्यांनी. देवळाची दोन्ही पिंपं एका वाढपात संपली. यंदाच्या पाणीटंचाईत.
छगन मोठ्यांदा म्हणाला, "समुद्र पाह्यचा राह्यला हुता. भिमाजीनं गावात आनला." दुसरा कोणी म्हणाला, "गेल्या साली अळनी, आवंदा खारट. सरासरी काढा, भिमाजी पास हाय."
तरी कोणी पान टाकून उठलं नाही. भाकरीला बोटभर लावून खात होते.
नाना कढईशी उभे होते. डाव हातात. त्यांनी एक थेंब तळव्यावर घेऊन चाटला. कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बनुबाईंकडे.
पुंजारामांनी नारळ छगनला दिला. देताना म्हणाले, "भिमाजी, मनात धरू नको." नानांनी स्वतः पुढे होऊन छगनच्या टोपीला गुलाल लावला.
मी बाटलीत सॅम्पल घेतलं. गणित बरोबर होतं. चूक दुसरीकडे आहे.
सायंकाळी ६. बनुबाई आल्या, ओट्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. "छबे, म्या घातलं गं मीठ. मनकर्णाच घालायची, जाळ सारता सारता, पदराखालून. मला समदं म्हाईत हुतं. गेल्या साली धीर झाला न्हाई. वाटलं, त्यांनी घातलं आसंल. आवंदा मनाचा हिय्या केला. तिच्याइतकंच घातलं, माझ्या घरच्या शेरानं दोन शेर."
मी त्यांना पाणी दिलं. माझ्या डब्याबद्दल बोलले नाही.

३ एप्रिल, सोमवार
लॅब. सॅम्पल तीन वेळा तपासलं. तिन्ही रिडिंग सारखी: २.७.
०.९ माझं. आईचे दोन शेर वजनाला माझ्याइतकेच भरतात, म्हणजे ०.९ बनुबाईंचं. एक वाटा उरतो.
घरी आल्यावर फळी बघितली. शेर जागेवर परत आलेला. आतल्या कडेला पांढरं धरलं होतं. बोट लावून चाखलं.

४ एप्रिल, मंगळवार
नानांना विचारलं. ते वहाणांकडे बघत म्हणाले, "अंधारातच घातलं, पान्याबरोबर. मीठ तिचंच आसायचं, बाय. मी वास घेऊन 'झालं' म्हनायचो, त्यो तिला इशारा. मग ती घालायची. गेल्या साली 'झालं' म्हनलो आन् वाट बघत ऱ्हायलो."
थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी तिसरी वाटी लई खारट हुती. पयली अळनी. पन तू किती जीव लावून केलं हुतंस."
१२ मार्चचा निष्कर्ष चूक. २६ मार्चचाही. ५ मार्चला मिठाला वास नसतो हे मी स्वतः लिहिलं होतं, आणि विचार नंतर करू म्हटलं होतं.
दर वर्षी काल्यानंतर दोन दिवस आईच्या हाताच्या भेगा चुरचुरायच्या. मी राहात्याहून व्हॅसलीन आणून दिलं होतं. कशाने होतं ते विचारलं नव्हतं.
संध्याकाळी घरी आमटी केली, दोघांपुरती. नाना चुलीपाशी बसून होते. मीठ मी घातलं नाही, ते घालतील म्हणून. त्यांनी घातलं नाही, मी घालीन म्हणून.
पहिल्या घासाला दोघांनाही कळलं. मिठाची बरणी हाताशी होती. कोणी उघडली नाही.