गायिका अज्ञात

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६

प्रिय आत्यास,
धर्मराजचा सविनय जय भीम.

अंजनाचं पत्र परवा मिळालं. घशाचे टाके निघाले आणि तुला गिळायला त्रास होत नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केल्यापासून तू पातेल्यावर पळी आपटून घर चालवतेस म्हणे. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे अंजना इकडं ये, आणि तीन म्हणजे पाहुण्यांनी आता घरी जावं. शरयू आणि मी खूप हसलो. मनमाडच्या गायन पार्टीत तीस वर्षं डफवाल्यांना तालावर ठेवणारी बाई पातेल्यावर काय गप्प बसणार!

इकडं आम्ही मजेत आहोत. थंडी सुरू झाली आहे, झाडांची पानं तांबडी झाली आहेत. लॅबमध्ये माझं बरं चाललं आहे. आमच्या सुमेधाला नववं वर्ष लागलं. शाळेत ती व्हायोलिन शिकते. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, पण ऐकते सगळं. मागच्या आठवड्यात आम्ही सफरचंदाच्या बागेत गेलो होतो. इथं फळं आपणच तोडायची आणि वर मालकालाच पैसे द्यायचे. तू असतीस तर त्याच्याकडं मजुरी मागितली असतीस.

अंजनानं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, "दादा, आई तिसऱ्यांदा विचारतेय, आता खुणेनं. तिचं गाणं तिकडं कुणी ऐकतं का? ऐकून काय म्हणतात?" त्याखाली तिनं बारीक अक्षरात हेही लिहिलं आहे की डॉक्टरांच्या मते बोलणं येईल, गाणं येणार नाही.

मागच्या दोन पत्रांत मी बर्फाबद्दल आणि गाडीबद्दल लिहिलं, आणि आज सफरचंदांबद्दल. उत्तर राहिलंच. उद्या दुपारी चंद्रशेखर काकांकडं गाण्याची बैठक आहे. तिकडून आल्यावर सविस्तर लिहितो.

काका म्हणजे पुण्याचे डॉक्टर, साठीचे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःचा कोट देणारे आणि गाडी शिकवणारे ते हेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच-सहा जण त्यांच्याकडं जमतो. नियम एकच. प्रत्येकानं एक गाणं आणायचं, ज्यानं आपला गळा दाटून येतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही आणि एकमेकांकडं बघायचं नाही. उत्तराकाकू आम्हाला रडका क्लब म्हणतात आणि रुमाल आपापले आणा म्हणून बजावतात.

मला गाण्याचं हे वेड कुठून लागलं ते तुला सांगायला नको. मी सहा वर्षांचा असताना तू स्टेशनामागच्या मैदानात गायलीस आणि मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. घरी आल्यावर तू म्हणालीस, "रडलास ते बरं झालं, गाणं पोचलं." तेव्हापासून मी पोचणारी गाणीच शोधत आलो. आता तीनशेवर कॅसेट झाल्या आहेत. शरयू म्हणते, एवढं दुःख कपाटात ठेवायला जागा कुठून आणायची.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अंजना, इथं थांब. माझं पत्र आलं की तू ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतेस आणि अर्धी गल्ली जमते, हे मला माहीत आहे. इथून पुढचं दार लावून एकट्या आईला वाचून दाखव.

आत्या, तुझं गाणं इथं लोक ऐकतात. पुष्कळ ऐकतात. जवळच्या एडिसन गावात दोन घरांत तुझी कॅसेट आहे. काकांच्या पुतण्यानं, कुमारनं, ती ॲन आर्बरला त्याच्या विद्यापीठात नेली आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी तिच्या प्रती काढल्या. जिथं मी अजून गेलो नाही तिथं तुझा आवाज गेला आहे. हे मी तुला केव्हाच कळवायला हवं होतं. का कळवलं नाही, ते आता सांगतो.

त्र्याऐंशी साली सुट्टीवर आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात बसून माझ्या टेपरेकॉर्डरवर पायरीचं गाणं म्हटलंस. सुरुवातीला तू म्हणतेस, "जय भीम, धर्मा. ऐकू येतंय का रं?" मग मागं इंजिनाची शिट्टी येते आणि तू थांबून म्हणतेस, "जाऊ दे तिला पुढं." मग गाणं. दादांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, तू स्वतः रचलेलं. पहिली दोन कडवी लिहितो, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

शाळंच्या पायरीला बसला माझा भाऊ
आतले पाढे बाई बाहेर लागे गाऊ

ऊन आलं पायरीवर, भाऊ माझा हलेना
शाळंची घंटा झाली, भाऊ घरी येईना

दोन वर्षांपूर्वी मी हे गाणं काकांसाठी उतरवून घेतलं. दोन टेप जोडून बसलो. तुझं जय भीम आलं तेव्हा मी रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतं. शिट्टीनंतर दाबलं. दुसरं कडवं संपलं आणि मी ते बंद केलं. तिसरं कडवं घेतलं नाही. कॅसेटच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "लोकगीत. गायिका अज्ञात."

आपलं आडनाव गावावरून पडलेलं. वडनेरकर म्हटलं की इथं कुणाला काही कळत नाही, आणि ज्याला जे वाटतं ते मी वाटू दिलं. खोटं कधी बोललो नाही, असं मी स्वतःला समजावत असे. पण काकांनी विचारलं, "धर्मराज, ही बाई कोण रे?" तेव्हा मी म्हणालो, "माहीत नाही काका, गावच्या बाजारात मिळाली कॅसेट." त्या दिवशी खोटंही बोलून झालं.

काकांना या गाण्यानं वेड लावलं. त्यांचे वडील तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. गाणं लागलं की त्यांना ती शाळा दिसते. ते म्हणतात, आईबाप नसलेलं, कुणी न्यायला न आलेलं पोर असेल ते. डोळे पुसतात आणि परत लावतात. आत्या, त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण मी त्यांना अर्धंच गाणं दिलं होतं, आणि अर्ध्या गाण्यावर माणूस वाटेल तसं रडू शकतो.

परवा रविवारी त्यांनी तेच लावलं. मुलं खाली बेसमेंटमध्ये खेळत होती. सुमेधा पाणी प्यायला वर आली आणि दारात उभी राहिली. तिला हे गाणं तोंडपाठ आहे, कारण आमच्या गाडीत पूर्ण टेप वाजते. दुसरं कडवं संपलं, टेप खरखरली, काकांनी चष्मा काढला. आणि ही म्हणाली, "बट दॅट्स नॉट द एंड. देअर इज वन मोर पार्ट."

काका हसून म्हणाले, "बेटा, तुला माहितीये हे गाणं?"

मी मध्येच म्हणालो, "दुसरं कुठलं तरी असेल. सुमेधा, जा, खाली जाऊन खेळ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली गेली. परत येताना गाडीत मी टेप लावली नाही. मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "बाबा, डोन्ट वुई नो जाई-आजी?"

तिनं तुझंच नाव घेतलं होतं, आणि मी गाडी चालवत राहिलो. शरयू खिडकीबाहेर बघत होती. ती गेली दोन वर्षं मला काकांना खरं सांगून टाका म्हणत आली आहे.

तुला आपलं तिसरं कडवं आठवत असेलच, पण मला ते लिहायचं आहे.

मास्तर, तुमची पायरी ओलांडली भीमानं
भावाचा लेक माझा आत बसंल मानानं

भावाचा लेक म्हणजे मीच. मी पोटात होतो तेव्हा तू हे रचलंस, असं दादा सांगायचे. त्याप्रमाणं मी आत बसलोही. काकांच्या दिवाणखान्यात, गालिच्यावर, लोडाला टेकून. आणि ज्या बाईनं मला आत धाडलं तिला मी पायरीवर ठेवून आलो. तिचं नावसुद्धा आत येऊ दिलं नाही.

का, असं विचारशील. भीती. काकांचं घर मला गमवायचं नव्हतं. ते मला रागांबद्दल सांगतात, काकू माझ्यासाठी थालीपीठ राखून ठेवतात, आजारी पडलो तर दोघं धावत येतात. सहा वर्षांत या देशात मला लाभलेलं सख्ख्यासारखं घर तेवढंच. नाव कळल्यावर ते तसंच राहील की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं धाडस नव्हतं. तुझा आवाज असता तर आत्ता तू मला चांगलं सुनावलं असतंस. पळी आपट. माझ्या नावानं किती ठोके द्यायचे ते तूच ठरव.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज बैठक नव्हती. काकांना फोन करून विचारलं, दुपारी येऊ का. सुमेधाला बरोबर घेतलं, शरयूही आली. कुमार सुट्टीवर आलेला होता. मी बसायच्या आधीच कॅसेट काढून काकांच्या हातात दिली. त्यावर नवा कागद लावला होता. "पायरीचं गाणं. शब्द, चाल आणि आवाज: जाईबाई, मनमाड."

मी म्हणालो, "काका, ही माझी आत्या. सख्खी. तुम्हाला दिलेलं गाणं मी कापलं होतं. हे पूर्ण आहे."

काकांनी कागद दोनदा वाचला. मग काही न विचारता टेप लावली. तू म्हणालीस, "जय भीम, धर्मा. ऐकू येतंय का रं?" आणि सुमेधा सवयीनं म्हणाली, "येतंय आजी." गाडीत ती रोज असंच म्हणते. एरवी मी हसलो असतो.

तिसरं कडवं झालं. टेपवर तू खोकलीस, भांडं वाजलं आणि टेप संपली. काकू चहा टाकते म्हणून उठल्या. आधणाला लागतो त्यापेक्षा बराच वेळ त्या आत होत्या. कुमार म्हणाला की चाल फारच सुंदर आहे, पण शेवटी जरा राजकारण आल्यासारखं वाटतं. शरयू त्याला म्हणाली, "राजकारण पहिल्या कडव्यापासूनच आहे, तुम्हाला ते ऊन वाटलं." माझी बायको कमी बोलते असं मी तुला लिहिलं होतं, ते मागं घेतो.

काका रडले नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा. चष्मा हातात धरून बसून राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमच्याही शाळेला पायरी होती. चांगली रुंद, दगडी. त्या पायरीवर कोण बसायचं, मला आठवत नाही."

मग चष्मा लावून म्हणाले, "बसायचं कुणीतरी. सावली पडायची वर्गात."

यापुढं काय होईल, मला सांगता येत नाही. निघताना काकूंनी थालीपीठ बांधून दिलं, पण नजर जरा चुकवली, की मलाच तसं वाटलं. काका नेहमी गाडीपर्यंत येतात, आज दारातच थांबले. कॅसेट मात्र त्यांनी परत केली नाही. पुढच्या बैठकीचं बोलावणं येईल किंवा येणार नाही. आलं तर पूर्ण गाणं घेऊन जाईन. नाही आलं तर आमच्या घरी बैठक भरवीन, रुमाल शरयू देईल. एडिसनच्या दोन्ही घरांना आणि ॲन आर्बरच्या पोरांना मी नव्या प्रती पाठवतो आहे, तुझ्या नावाच्या कागदासकट.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझं गाणं इथं लोक ऐकतात. अर्धं ऐकून रडायचे. पूर्ण ऐकून एक माणूस गप्प बसला. तू मला सांगितलं होतंस, रडलास ते बरं, गाणं पोचलं. आत्या, मला वाटतं, आज ते त्याच्याही पुढं गेलं.

तुझा आवाज गेला हे वाचून मी इथं एकटा बसून रडलो, ते शनिवारी लिहिलं नव्हतं. आज लिहितो. जो आवाज उरला आहे तो माझ्या टेपवर आहे, आणि तो मी पुन्हा कधी कापणार नाही.

अंजना, आता दार उघड. ओट्यावर बस, सगळ्यांना बोलाव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. मधलंही, काही न गाळता. गाळायची सवय या घरात एकालाच होती.

सगळ्यांना जय भीम.

जाईबाईचा भाचा,
धर्मराज