मसुद्यातली गाठ

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी माझा ब्लॉग एकदाचा उभा राहिला. लेख एका ठिकाणी लिहायचे, बटण दाबलं की त्यांची पानं तयार होऊन साइटवर जायची. कौतुकानं मुरगूडच्या ताईला लिंक पाठवली. पण अर्धवट मसुदे वगळायची सूचना प्रोग्रामला द्यायलाच मी विसरले होते. छातीतल्या गाठीबद्दल फक्त स्वतःसाठी लिहिलेलंही गेलं. तासाभरात तिचा फोन.

"गाठ हाय, आणि सांगितलं न्हाईस व्हय?"

"ते चुकून गेलं गं. काढते पान."

"पान काढशील, गाठीचं काय? उद्या येतो मी. दवाखान्यात जाऊया."

डॉक्टर काय सांगतील? नको म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. ताईनं बराच वेळ फोन ठेवला नाही.