मालकाचं नाव

सोमवार, ८ मार्च १९९९, पेण

कऱ्हाडहून निघून दुपारी पेणला उतरले. पुंडलिककाका स्वतः स्टँडवर आले होते, मनगटापर्यंत शाडूची माती वाळलेली. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात मला माळ्यावर खोली मिळाली आहे. खाली तीनेकशे मूर्ती. वर मी, एक कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन. परदेशातल्या लोकांनी घरबसल्या मूर्ती निवडाव्यात म्हणून काकांना वेबसाइट हवी आहे, ती मी बनवायची. साइट ठेवायला इंटरनेटवर जागा कोणाकडून घ्यायची, असं त्यांनी विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता जितेशचं नाव सांगितलं. कॉलेजात तीन वर्षं तो माझ्या शेजारी बसायचा. आता रोह्यात हाच धंदा करतो. माझ्या शब्दावर काका हो म्हणाले. स्वयंपाक बघणाऱ्या हौसाबाईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. पोट भरलं, मनही लागलं.

शनिवार, २० मार्च

साइट चालू झाली. कारागिरांचं वेगळं पान करायचं ठरलं, म्हणून सतरा जणांचे फोटो आणि पूर्ण नावं फ्लॉपीवर घालून जितेशकडे पोचवली. काकांच्या हट्टापायी त्यात माझाही फोटो आहे. मालूताई चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतात. त्यांना फोटो नको होता. “माजा फोटू कुनाला बगायचाय गो?” म्हणाल्या. मीच आग्रह करून बसवलं. संध्याकाळी मॉरिशसहून पहिली विचारणा आली, काकांनी सगळ्यांना पेढे वाटले.

गुरुवार, १ एप्रिल

साइटवर एक पान दिसलं, जे मी केलेलं नाही. काळ्या पानावर मालूताईंचा फोटो. खाली नाव आणि तारीख, ३ एप्रिल. फोटोत डावा डोळाच नाही. खोडलेला नाही, तिथे नुसती सपाट कातडी आहे, जणू डोळा कधी नव्हताच. जितेशला फोन करून म्हटलं, एप्रिल फूल कळलं, आता काढ. तो हसला नाही. बघतो म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवार, ३ एप्रिल

मालूताई गेल्या. सकाळी अकराला, आखणी करता करता. आधी म्हणाल्या, डाव्या डोळ्यानं दिसंना. थोड्या वेळाने, उजव्यानंही. मग मान खाली गेली, कुंचला हातातच राहिला. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. मी वर जाऊन पान उघडलं. आता दोन्ही डोळे नाहीत.

बुधवार, ७ एप्रिल

काकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “ते पान काढ गो, नायतर साइटच बंद कर.” जितेश म्हणतो, त्याला ते काढता येत नाही. मग पासवर्ड दे, साइट दुसरीकडे नेते, असं म्हटलं. तेही नाही. साइटचं नाव त्याने स्वतःच्या नावावर नोंदवलंय, करारात तसं लिहिलंय म्हणे. करार मी वाचलाच नव्हता. जितेशचा करार काय वाचायचा, असं वाटलं होतं. त्याने ही जागा मुळात कोणाकडून घेतलीय, तेही सांगत नाही.

मंगळवार, १३ एप्रिल

साइट आमच्या नावावर कर म्हणून जितेशला वकिलांची नोटीस पाठवली होती. आज जितेशचा फोन आला, अगदी मऊ आवाजात. भांडण नको, सगळं तुझ्या नावावर करून देतो, रोह्याला ये म्हणाला. फोन ठेवल्यावर मी सुटकेने रडले. शेवटी मित्र तो मित्रच.

गुरुवार, १५ एप्रिल

पॅसेंजरने रोह्याला जाऊन आले. जितेश हाडांचा सापळा झालाय. माझं पूर्ण नाव त्याने दोनदा विचारून टाइप केलं, कागदावर सही घेतली, पासवर्डची चिठ्ठी दिली. “आता तुझं हाय सगळं, वैशाली,” म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. एकदाही वर बघितलं नाही. मला त्याची दया आली — दया!

पेणला येऊन पासवर्ड घातला. काळ्या पानामागे एक यादी निघाली. पहिलं नाव जितेशचं, त्यावर रेघ. खाली मालूताईंचं, देणारा — जितेश. मालूताई गेल्या त्या दिवशी पुन्हा जितेशचं. त्यावरही रेघ, आजच्या तारखेची. खाली माझं. शेवटी एक ओळ — मालकाचं नाव, नाहीतर मालक देईल ते.

त्याने स्वतःच्या जागी माझ्याच फ्लॉपीतून मालूताईंना दिलं. आणि आज मालकीच देऊन मला. मी नोटीस देऊन मागून घेतलं.

माझ्या नावापुढे १७ एप्रिल.

शुक्रवार, १६ एप्रिल

पान पुसलं, परत येतं. साइट बंद केली. तरीही बाजारातल्या कॉम्प्युटरवर दिसते. माझ्या नावाऐवजी जितेशचं नाव घालून पाहिलं — हो, घातलं मी — घेत नाही. “सुटलेलं नाव” एवढंच येतं. त्याच्या घरमालकाला फोन केला. काल संध्याकाळीच सामान घेऊन गेला, म्हणाले. हसत गेला, म्हणाले.

कॉलेजात आजारी पडले तेव्हा यानेच माझ्या वह्या —

फोटोत माझा डावा डोळा नाही.

शनिवार, १७ एप्रिल, सकाळी

डाव्या डोळ्यानं दिसत नाही. पान नाव मागतंय. चौकट उघडी आहे.

हौसाबाई चहा घेऊन वर आल्या. मी त्यांचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी लाजून सांगितलं, वडलांच्या नावासकट. “कशाला गो, माजं बी छापतेस काय?”

पहिलं अक्षर टाइप केलं. त्या तिथेच उभ्या, मला ताप आलाय का ते कपाळाला हात लावून बघत —

पुसलं. त्यांना खाली पाठवलं. दाराला कडी. फ्लॉपीची माझ्याकडची प्रत मोडली, पासवर्डची चिठ्ठी जाळली. हे काळं पान कोणाला देणार नाही. काका, साइट स्वतःच्या किंवा कोणाच्याही नावावर करून घेऊ नका. कोणी कितीही गोड बोललं तरी सही

ओळ वाकडी जातेय. उजव्याही डोळ्यापुढे काळं — काका, जितेश आला तर त्याला सांगा की मी कोणाचंही नाव दि